घरकुलाचे दार कोणाच्या मापाचे?

इंदापूर तालुक्यातील आमच्या वरकुटे गावी गेल्या उन्हाळ्यात एक नवा कोरा फ्रिज आठ दिवस पडवीत उभा होता. घर योजनेतले घरकुल. घरधनीण उसाच्या लागणीपासून खुरपणीपर्यंत मिळेल त्या कामावर जाऊन दोन मुलांना वाढविणारी शेतमजूर बाई. थोरला मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून लागला आणि त्याने आईसाठी हप्त्यांवर दोन दारांचा फ्रिज आणला. टेम्पोतून तो उतरला, त्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तो अडला. चार माणसांनी अंग लावून पाहिले. अखेर शेजारी म्हणून मला बोलावणे आले.

"सर, तुम्ही हिशेबाचे मास्तर. आता तुम्हीच सांगा, फ्रिज कापू का भिंत पाडू?" बाई हसून म्हणाल्या. हसू वरवरचे होते. पहिला हप्ता त्याच महिन्यात जायचा होता.

मी मोजपट्टी घेऊन बसलो. दार अडीच फुटी, म्हणजे ३० इंच. दोन्ही अंगांच्या चौकटीचे अडीच-अडीच इंच वजा जाता २५. मागे लगेच भिंत असल्यामुळे फळी काटकोनापलीकडे उघडत नाही. तिची जाडी आणि बिजागरी मिळून दीड इंच. उरले साडेतेवीस. फ्रिजची रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंच आणि वर एक सूत. एका सुतासाठी सारे घर खोळंबले होते. बिजागऱ्या खोलून फळी उतरविली असती तर फ्रिज दारातून गेला असता. पण आत ओट्यापुढे मोकळी जागा २८ इंचांची. ६० आणि ६६ सेंटिमीटर बाजूंच्या वस्तूचा कर्ण ८९ सेंटिमीटर, म्हणजे ३५ इंच होतो. २८ इंचांत ३५ इंच फिरत नाहीत, आणि फिरविल्यावाचून त्याचे दार उघडत नाही. आडवा करून न्यावा, तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. शिवाय आडवा घालायलाही जागा हवीच.

निकाल असा लागला की फ्रिज बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचाशेजारी विराजमान झाला. त्यावर विणलेले आच्छादन आले, आच्छादनावर फुलदाणी आली. पाहुण्यांना तो दिसतो. ज्या बाईसाठी तो आणला तिला मात्र दुधाच्या पातेल्यासाठी, कणकेच्या गोळ्यासाठी, कोथिंबिरीच्या काडीसाठी ओट्यावरून उठून, बसलेल्या माणसांमधून वाट काढीत जावे-यावे लागते. श्रम वाचविण्यासाठी आणलेल्या यंत्राने श्रमाची एक नवी फेरी निर्माण केली.

हा एका घराचा किस्सा म्हणून मी विसरलो असतो. पण त्यानंतर गावात ज्या ज्या घरी गेलो त्या त्या घरी माझी नजर दारांकडे जाऊ लागली. एकीकडे महिलांसाठीच्या योजनेतून मिळालेली पिठाची घरघंटी शेळीच्या गोठ्यात बसविलेली दिसली. दुसरीकडे धुलाईयंत्र अंगणात, पत्र्याच्या आडोशाला. यंत्रे घरात आली म्हणून आपण प्रगतीचे आकडे मोजतो. ती घरात आलेलीच नाहीत. ती दारात उभी आहेत.

गावातील जुनीजाणती माणसे यावर एक उत्तर देतात. आमच्या भागातील धाब्याच्या जुन्या घरांची दारे ठेंगणी आणि अरुंदच असत. माणसाने घरात वाकून शिरावे, नम्रता अंगी यावी, हा म्हणे पूर्वजांचा हेतू. नम्रतेचे हे तत्त्वज्ञान मला कधीच पटलेले नाही. दार लहान असे कारण लाकूड महाग होते, ऊन आणि चोर या दोघांना बाहेर ठेवायचे होते आणि भिंत मातीची असल्याने मोठे खिंडार तिला सोसत नसे. वाड्याच्या मालकाचा दरवाजा बैलगाडी आत जाईल एवढा असे. त्याला नम्रतेची गरज कोणाला भासली नाही! उजनी धरण १९८० साली पुरे झाले त्याच्या आगेमागे, मी कॉलेजात शिकत असताना, भीमाकाठचे लोक गाव सोडताना आपल्या घरांच्या चौकटी उपटून गाडीत घालून नेताना मी पाहिले आहेत. नव्या गावठाणात भिंती नव्या उठल्या, पण त्या जुन्या चौकटींच्या मापाने. लाकूड टाकून द्यायचे कसे? गरिबीत बनलेले माप असे एका पिढीकडून दुसरीकडे जाते आणि मग त्याला परंपरा हे नाव मिळते.

परंतु आजच्या घरकुलाला ही सबब लागू नाही. तिथे सिमेंट आहे, लोखंड आहे, सरकारी नमुना आहे आणि अभियंत्याची सही आहे. तिथले अरुंद दार कोठून आले?

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले. आधीच्या इंदिरा आवास योजनेतील २० चौरस मीटरांवरून ते वाढविले गेले आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरली गेली. ही सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे. सपाट प्रदेशातील घरासाठी केंद्राच्या योजनेने साहाय्य ठरविले १ लाख २० हजार रुपये. आता २५ चौरस मीटरांचे चौरस फूट करा. उत्तर येते २६९. हा आकडा मुंबईच्या माणसाच्या ओळखीचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ साली २२५ चौरस फुटांचे घर देऊ केले गेले, २००८ मध्ये ते २६९ झाले आणि २०१८ च्या नियमावलीत ३००. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आहे. तिथला बांधकाम व्यावसायिक गरिबाच्या घरातून वाचलेला प्रत्येक फूट खुल्या बाजारात विकतो, म्हणून तिथे फुटाफुटाची ओढाताण चालते. ती अन्यायाची आहे, पण तिच्यामागे भूमिखंडाचे अर्थशास्त्र आहे. वरकुट्यात कोणते भूमिखंडाचे अर्थशास्त्र आहे? इथे गावठाणाच्या कडेला बाभळी वाढतात. तरीही इथे आकडा तोच. कोणी म्हणेल, २५ मीटर हे किमान आहे, कमाल नव्हे. मोठे बांधायला कोणी अडविले? शेतमजुराला त्याच्या खिशाने अडविले. ज्याच्यापाशी साहाय्याखेरीज फारसे काही नाही, त्याचे किमान हेच त्याचे कमाल असते. किमान वेतनाच्या कायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आणि क्षेत्रफळ हा तरी पुरा हिशेब कुठे आहे? अनुदानाचा हप्ता सुटण्यासाठी पायाचे छायाचित्र लागते, जोत्याचे लागते, छताचे लागते. चौकटीच्या आत किती इंच मोकळे उरले, ओट्यापुढे माणूस वळू शकतो की नाही, याचे छायाचित्र कोणी मागत नाही. अडीच फुटांचे दार तीन फुटांचे करायला खर्च किती? तेवढ्या भागातले विटकाम वाचते. चौकटीत आणि फळीत जी भर पडेल ती फार तर काही शे रुपयांची. म्हणजे हे दार पैशाअभावी अरुंद राहिलेले नाही. आत काम करणाऱ्या व्यक्तीचे माप घेण्याचे कोणाला सुचले नाही, म्हणून ते अरुंद राहिले.

इथे मला माझ्या शास्त्राचीही कानउघाडणी करणे भाग आहे. राष्ट्रीय उत्पन्न शिकविताना आम्ही प्राध्यापक मंडळी पिगूचा दाखला मोठ्या मिष्किलपणे देत असू: एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले की काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. वर्ग हसे, घंटा होई, आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळत असू. मी हा विनोद तीस वर्षे केला. त्यात ज्या बाईचे वेतन नाहीसे होते, तिच्याकडे वळून पाहावे असे मला वाटले नाही. सरकारच्याच २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रिया त्या कामांत दिवसाची सरासरी २८९ मिनिटे घालवितात. ही कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! पावणेपाच तासांहून अधिक काळ जिथे राबायचे ती जागा कामाची जागा नव्हे काय?

ती कामाची जागा आहे असे क्षणभर धरून चालू. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यातील प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० घनफूट अवकाश असला पाहिजे असे बंधन घातले. ते लढून मिळालेले माप होते. आता राष्ट्रीय इमारत संहितेतले सर्वसाधारण घराचे स्वयंपाकघर घ्या: किमान ५ चौरस मीटर, उंची २.७५ मीटर. गुणाकार येतो १३.७५ घनमीटर. मध्यमवर्गीयांच्या घरातले किमान स्वयंपाकघरही गिरणीतल्या एका कामगाराच्या वाट्याला पुरत नाही. आमच्या शेजारणीचे स्वयंपाकघर सात फूट बाय सहा फूट, उंची साडेनऊ. म्हणजे ३९९ घनफूट. त्यातच ओटा, मांडणी, पाण्याची पिंपे, भरल्यावर तीस किलोंच्या घरात जाणारी गॅसची टाकी, आणि शेगडीची आच. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबाच्या दाराशी आला, हे चांगलेच झाले. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, टाकी उभी हवी, खेळती हवा हवी, हे सुरक्षेचे नियम त्याबरोबर आले. नियम पाळायला जागा मात्र आली नाही.

वरकुट्याची मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा दाराच्या जागी जिना आडवा येतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांत भाड्याने राहिलेल्यांना तो दोन-सव्वादोन फुटांचा लाकडी जिना आठवत असेल. चढताना हाताने वरची पायरी धरावी लागे. मुंबईत १९२० च्या दशकात उभारलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन पिढ्या नांदल्या. तिथे स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा; फ्रिज आला की कोणाचे तरी अंथरूण बाहेरच्या सामाईक व्हरांड्यात जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, कष्टकऱ्याला असे घर देता येते, हे सिद्ध झाले. मग तोच न्याय २६९ वाल्यांना का नाही, हा प्रश्न आता कोणी टाळू शकणार नाही.

जिन्याच्या बाबतीत आणखी एक माणूस विचारात घ्यावा लागतो. तो म्हणजे वजन वाहणारा. ५० किलोंच्या आसपासचा फ्रिज अरुंद जिन्यावरून नेताना वरचा माणूस पाठमोरा चढतो आणि सारा भार खालच्याच्या छातीवर येतो. वळणावर कर्ण बसला नाही की कठड्यावरून उचलून घ्यावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने असेच चिंचोळे आहेत. परंतु तिथल्या बांधणाऱ्यांनी प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढून तिला आकडा लावला. सामान दोराने वर चढवावे आणि खिडकीतून आत घ्यावे. जिना अरुंद आहे हे त्यांनी कबूल केले आणि त्याची सोय केली. आपल्याकडे आकड्याचे काम हमालाची पाठ करते. ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, ज्या पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू करून कामगाराच्या जेवणाचा प्रश्न चार भिंतींबाहेर आणला, त्याच महाराष्ट्रात आज दुकानाच्या टेम्पोवरची पोरे कोणत्याही मंडळाच्या नोंदीशिवाय ही यंत्रे वाहतात. पावतीवर छापलेले असते, 'पोच तळमजल्यापर्यंत'. वरचे मजले त्या पोराच्या आणि गिऱ्हाइकाच्या घासाघिशीवर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली. जिना किती रुंद असेल हे त्या शिफारशीला कसे ठाऊक असणार!

आता आमच्याच छावणीतील मित्रांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात: फ्रिज, मिक्सर, धुलाईयंत्र ही चंगळवादाची चिन्हे आहेत, हप्त्यांच्या सापळ्यात अडकलेल्या शेतमजुरासाठी समाजवाद्यांनी दाराची रुंदी मागत बसावे काय? हप्त्यांच्या सापळ्याबद्दल ते म्हणतात ते खरे आहे. पण चंगळ कोणाची? इंदापूरच्या वैशाखात सकाळचे दूध दुपारपर्यंत टिकत नाही. पहाटे पाचला भाकरी थापून उसात गेलेली बाई संध्याकाळी परतून पुन्हा चुलीपुढे बसते, कारण सकाळचे कालवण विटलेले असते. शिळे खाऊ नये, असा उपदेश तिला करणाऱ्यांच्या घरी दोन वेळचे ताजे कोण रांधते, हे त्यांनी स्वतःला विचारावे. माझ्या घरी ते मी रांधीत नाही, ही कबुली इथेच देऊन टाकतो. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघरातले हत्यार राजकारणात आले. आम्ही त्या मोर्चांचे कौतुक केले, त्यावर लेख लिहिले. मोर्चा संपल्यावर ती लाटणी ज्या खोलीत परत गेली ती खोली किती फुटांची होती, हे आम्ही विचारले नाही. तेलाचा भाव हा वर्गीय प्रश्न आणि ओट्याची लांबी हा घरगुती प्रश्न, अशी वाटणी आम्हीच करून ठेवली.

ही वाटणी सर्वत्र झालेली नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट नगरपालिकेने पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरे बांधायला घेतली तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या तरुण वास्तुशास्त्रज्ञ बाईंकडे स्वयंपाकघराचे काम आले. १९२६ साली त्यांनी हातात घड्याळ घेऊन गृहिणीच्या हालचाली मोजल्या, आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर अभ्यासले आणि १.९ मीटर बाय ३.४ मीटरचा एक नमुना तयार केला. फडताळे कोठे, ओटा किती उंच, सरकते दार कोठे उघडेल, शेगडीपासून जेवणाच्या मेजापर्यंत पावले किती, हे सारे त्यात ठरलेले होते. सुमारे १० हजार घरांत तो बसविला गेला. त्यावर पुढे टीकाही झाली आणि ती रास्त होती: ते स्वयंपाकघर इतके नेटके होते की त्यात दुसऱ्या माणसाला उभे राहता येईना, म्हणजे बाईचे काम सोपे झाले पण ते बाईचेच राहिले. आपण तो नमुना उचलावा असे मी म्हणत नाही. आपल्या बायका बसून भाकरी थापतात, धान्य साठवितात, पाणी भरून ठेवतात. पण शंभर वर्षांपूर्वी एका नगरपालिकेला गरिबाच्या स्वयंपाकघरातली पावले मोजाविशी वाटली, आणि उपग्रहाच्या साहाय्याने घरकुलाच्या पायाची जागा नोंदविणाऱ्या आपल्या यंत्रणेला ती मोजावीशी वाटत नाहीत, ही तुलना तरी डोळ्यांपुढे ठेवू या.

येत्या ग्रामसभेत मांडण्यासाठी आम्ही काही जणांनी ठरावाचा मसुदा केला आहे. त्याची भाषा सरकारी आहे, पण आशय सोपा. घरकुलाच्या बाहेरच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराची मोकळी रुंदी, चौकट आणि फळी वजा जाता, ३२ इंचांहून कमी नसावी. ओट्यापुढे तीन फूट जागा असावी. गॅसची टाकी उभी राहील असा ओटा अंदाजपत्रकातच धरावा. वरचा मजला असेल तिथे जिना तीन फुटांचा, आणि वळणावर चौक तेवढाच रुंद. आखणी पक्की करण्यापूर्वी घरातील स्त्रीची सही घ्यावी; नुसती लाभार्थी म्हणून नव्हे, आखणी पाहून, खडूने जमिनीवर आखून दाखविल्यावर. यासाठी वाढीव खर्च येईल तो साहाय्यात धरावा. २०१६ साली ठरलेल्या १ लाख २० हजारांत सिमेंट-सळईचे आजचे भाव बसतात काय, हा प्रश्न ठरावात वेगळा नोंदविला आहे.

मसुदा वाचून दाखविला तेव्हा शेजारच्या बाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. खडूची कल्पना त्यांना आवडली. मग त्यांनी विचारले, "आन् ज्यांची घरं बांधून झाली त्यांचं काय, सर?" मसुद्यात त्याला उत्तर नव्हते, आता एक कलम जोडले आहे. गवंड्याने मधली भिंत फोडून दार पलीकडे सरकविण्याचा जो अंदाज दिला तो फ्रिजच्या चार हप्त्यांएवढा आहे. हप्ते फिटल्यावर बघू, असे मुलगा म्हणतो.